दिवसपाळीचं पिशाच

“आज माझ्याच्यानं रगत प्यायचं व्हणार न्हाय. दात चहात पडला.”

मी जिन्यातच थांबले. कॉलेजातून येत होते, खांद्यावर बॅग होती. लोडशेडिंगची वेळ असल्यामुळे खालचे लूम बंद होते, म्हणूनच हे वाक्य इतकं स्वच्छ ऐकू आलं. आवाज बाईचा होता आणि त्यात कसलीच घाई नव्हती. आज पाणी लवकर गेलं म्हणून सांगावं, तसा. मग एका पुरुषाचा आवाज आला, गरजेपेक्षा दुप्पट मोठा. “पडला तं गाळून घे. कांडीचा हाय तो, इरघळत न्हाय.”

मोठा आवाज जनूकाकांचा होता. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. मागच्या अंगणात सुमनताई उलट्या टोपलीवर बसली होती. ती खाली कांडी मशीनवर काम करायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या कांड्यांवर सूत भरायची. तिच्या खांद्यावरून काळं पॉलिस्टर लोंबत होतं, हनुवटी लालभडक होती आणि हातात कपबशी होती. शेजारी रामआसरे, सुताचे जड बीम खांद्यावरून वाहणारा, कुणाचा तरी सफारी घालून उभा होता. तो त्याला इतका सैल होता की दोघं मावले असते. मध्ये काका, हातात व्हिडिओ कॅमेरा. काकांनी वर पाहिलं.

“बाय, तुला इंग्लिस वाचता येतं ना?”

मी मान हलवली. इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलीला आमच्या घरात हाच प्रश्न नेहमी विचारला जायचा. औषधाच्या बाटलीपासून मिक्सरच्या कार्डापर्यंत. काकांनी माझ्या हातात एक जाड पुस्तिका दिली आणि लाल बत्ती का लागत नाही ते शोधायला सांगितलं. धामणकर नाक्यावरच्या परेशने, तो लग्नाचं शूटिंग करायचा, त्यांना आपला जुना कॅमेरा वापरायला दिला होता. कॅसेटच्या पाठीवर एक बारीक खिट्टी होती, ती सरकवायची होती. मी सरकवली. लाल बत्ती लागली आणि त्या क्षणापासून मी ‘कांडीवालीचा सूड’ या चित्रपटाची कॅमेरामन झाले. मला कुणी विचारलं नाही. मला नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

जनूकाका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. कामतघरात आमचं घर वर आणि खाली पॉवरलूमचे गाळे, ते बाबांनी एका शेठला भाड्याने दिलेले. काका त्या शेठकडे जॉबर होते. बिघडलेलं लूम चालू करणं हे जॉबरचं काम, आणि त्याची खरी परीक्षा कानांची. चाळीस लूम एकदम चालू असताना कुठलं एक लूम लय सोडून चालतंय, हे दारात उभं राहून सांगतो तो चांगला जॉबर. काका चांगले जॉबर म्हणून ओळखले जात. वाटणीत आलेली जमीन त्यांनी काकूच्या आजारपणात विकली होती. काकू गेली, मूलबाळ नव्हतं, आणि काका गाळ्यामागच्या खोलीत राहायला आले. भाऊ वर मालक आणि हे खाली भाडेकरूचे नोकर, यात दोघांनाही कधी कमीपणा वाटला नाही. काका जेवायला वर यायचे.

यायचे, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत. आजीला छातीत दुखायला लागलं त्या दिवशी बाबा तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेत होते. धामणकर नाक्यावर रिक्षा अडकली आणि पुढे दहा पावलांवर काका चालत जाताना दिसले. बाबांनी बाहेर डोकं काढून तीन हाका मारल्या. पानवाल्याने वळून बघितलं, केळीवालीने बघितलं, काकांनी बघितलं नाही. ते सरळ गर्दीत गेले. आजी संध्याकाळच्या आत गेली, आणि काका पोचले तेव्हा तिचं तोंड झाकलेलं होतं. गर्दीत ऐकू आलं नाही, एवढंच ते म्हणाले. बाबांनी ते मानलं नाही. आदल्या आठवड्यात दोघांची कशावरून तरी बोलाचाली झाली होती, आणि तो राग जन्याने स्वतःच्या आईवर काढला, असं बाबांच्या मनाने घेतलं. तेव्हापासून काका वर आले नाहीत. माझी आई डबा खाली पाठवायची, बाबा तो जाताना पाहायचे आणि पेपर वाचायचे.

काकांची एक सवय मला फार खटकायची. ते बोलताना डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. माझे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत. कुणी तोंडाकडे बघितलं की माझा हात आपोआप ओठांवर जातो. काकांना ते चालत नसे. “हात काढ,” म्हणायचे, “तोंड झाकून बोलतंय, काय चोरी केलीस?” मला वाटायचं, ते माझ्या दातांची चेष्टा करतात. म्हणून मी त्यांच्याशी जवळजवळ बोलतच नसे. अर्थात मी कुणाशीच फारसं बोलत नव्हते. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी इंग्रजी बोललं की हसू व्हायचं. त्या दोन्हींच्या मध्ये गप्प बसणं सोयीचं होतं.

चित्रपटाची कथा काकांच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. चांदणी नावाची कांडीवाली असते. शेठ तिला सुताच्या गोदामात कोंडून मारतो. गोदामातलं वटवाघूळ तिला चावतं आणि ती रक्त पिणारं पिशाच होऊन परत येते, शेठचा, त्याच्या मेव्हण्याचा आणि हिशेब लिहिणाऱ्या मेहताजीचा सूड घ्यायला. मेव्हणा आणि मेहताजी हेही रामआसरेच होता, मिशा बदलून. काका तरुणपणी निजामपुऱ्यातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये दर सुट्टीला असले पिक्चर बघायचे, आणि त्यांचं म्हणणं होतं की त्या सगळ्या पिक्चरांत चूक एकच. पिशाच नेहमी बंगल्यात राहतं. “बंगल्यातल्या माणसाला कसला आलाय सूड?” ते म्हणायचे. “सूड कुणाच्या पोटात असतो? ज्याला उद्या परत कामावर जायचंय त्याच्या.”

कारागिरी जेवढी वाईट असू शकते तेवढी होती. सुळे तुटक्या कांडीतून कानशीने घासून केलेले. रक्त म्हणजे डाइंगवाल्याकडून आणलेला लाल रंग. तो चार-चार दिवस निघत नसे, त्यामुळे सुमनताई रेशनच्या रांगेत पदराने हनुवटी झाकून उभी राहायची. वटवाघूळ म्हणजे मोडक्या छत्रीचं अर्धं कापड, दोऱ्याला बांधलेलं. ते दर वेळी चांदणीकडे न जाता रामआसरेला जाऊन आपटायचं आणि तो जीव तोडून सांगायचा, “भैया, हमको तो बाद में मरना है.”

मी फक्त एकदा बोलले. मी इंग्रजी पुस्तकांत वाचलं होतं की असलं पिशाच उन्हात आलं की जळून जातं, आणि आम्ही तर भर दुपारी अंगणात शूटिंग करत होतो. लोडशेडिंगमध्ये लूम थांबत तेव्हाच सगळे मोकळे असायचे ना. मी हात तोंडावरून काढून हे सांगितलं. काकांनी नीट ऐकलं, निदान मला तेव्हा तसं वाटलं, आणि म्हणाले, “आपल्या पिशाचाला दिवसपाळी हाय. रातच्याला ती घरी जाऊन भाकऱ्या करते.”

सुमनताईने अट घातली होती. सगळं करीन, पण परपुरुषाला हात लावणार नाही, आणि दात तर त्याहून नाही. आता रक्त पिणारी बाई माणसाला न शिवता रक्त कशी पिणार? तीन दिवस काम थांबलं. रामआसरे म्हणाला, लांबून फुंकर मारून मारू दे. चौथ्या दिवशी काकांनी शेठला, म्हणजे रामआसरेला, भिंतीपुढे उन्हात उभं केलं आणि सुमनताईला सांगितलं, “त्याला नको. त्याच्या सावलीला चाव.” ती भिंतीजवळ गेली, वाकली, आणि चुन्याच्या भिंतीवर पडलेल्या त्या सावलीच्या मानेला तिने तोंड लावलं. काकांनी रामआसरेला हळूहळू खाली बसायला सांगितलं. सावली लहान होत गेली, तिच्या तोंडातून निसटून जमिनीत उतरली. मी काचेतून बघत होते. त्या सबंध चित्रपटात बघण्यासारखं तेवढंच होतं, पण ते मी अजून विसरलेले नाही.

काका एकही दृश्य पुन्हा घेत नसत. सुमनताई हसली, छत्री पडली, मधूनच कुत्रं चालत गेलं, तरी ते हात वर करून म्हणायचे, “गाठ मार. पुढं चल.” सूत तुटलं तर लूमवाला तुटलेली दोन टोकं जुळवून गाठ मारतो आणि लूम चालू करतो, तुटलं कसं म्हणून रडत बसला तर दिवसाचं कापड निघत नाही. परेश ज्याला कट म्हणतो त्याला काका गाठ म्हणत. आमच्या पिक्चरमध्ये अशा चारशे तरी गाठी असतील. त्यातल्या बऱ्याच डोळ्यांना बोचतात.

शेवटचा भाग मात्र त्यांना चालू लूमवर हवा होता. गाळ्याचा खरा शेठ गावी लग्नाला गेला होता, तेवढे तीन दिवस संधी होती. चाळीस लूम खडखडत होते, हवेत कापसाची धूळ होती, आणि त्या दोन रांगांच्या मधल्या बोळातून चांदणी काळं कापड उडवत येते आणि शेठला जाब विचारते, असं ते दृश्य. मोठमोठे संवाद होते. सुमनताईने ते असे म्हटले की बाजूच्या लूमवरचे कारागीर हात थांबवून बघत राहिले. रामआसरेने हात जोडले, गयावया केली. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही, पण त्या आवाजात मला कधीच काही ऐकू येत नसे. कॅमेऱ्याला येत असेल, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर पूर्ण धरलंही नव्हतं. पुस्तिकेत माइकबद्दल एक पान होतं, मोठ्या आवाजाच्या जागी काय होतं ते त्यात लिहिलेलं होतं, आणि ते मी वाचलं होतं. तिन्ही दिवस मनात होतं, सांगावं. सगळे इतक्या रंगात होते. मी बोलले नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही परेशच्या दुकानात ते बघायला बसलो. काका टीव्हीच्या अगदी पुढ्यात स्टुलावर, मागे बाकावर सुमनताई, रामआसरे आणि मी. परेश मशीनपाशी. शेवटचा भाग लागला आणि दुकानभर फक्त खडखडाट झाला. संवाद नव्हतेच. पण सुमनताई आणि रामआसरे मात्र बरोबर जागच्या जागी हसत होते. रामआसरेने एका ठिकाणी तिला म्हटलं, क्या बोली है! परेश त्यांच्याकडे वेड लागल्यासारखा बघत होता. शेवटी त्याने विचारलं, “अहो, पण आवाज कुठाय?”

सुमनताईने क्षणभर विचार केला आणि कपाळावर हात मारला. ते बोललेच नव्हते. लूमपाशी उभं राहिलं की कुणीच बोलत नाही. तिथे घशातून आवाज काढून उपयोग नसतो, म्हणून सगळे नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. वीस-वीस वर्षांची सवय. लूम दिसलं की आवाज आपोआप बंद. आणि बघतानाही त्यांनी ओठच वाचले, म्हणून आवाज नाही हे त्यांना कळलंच नाही. मग हसणं सुरू झालं, रामआसरेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. परेशने तो खडखडाट सहन न होऊन टीव्हीचा आवाज पार बंद केला.

दुकानात आता फक्त बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. काकांची आमच्याकडे पाठ होती. ते अजून पडद्याकडे बघत होते, मधूनच मान डोलावत होते. आणि त्या शांततेत ते समाधानाने म्हणाले, “आवाज मातुर झकास आलाय, परेश.”

सगळे पुन्हा हसले. जनूभाऊंनी काय टोला मारला, असं परेश म्हणाला. मी हसले नाही. मला एकदम पानवाला आठवला, केळीवाली आठवली. काकांनी सहज मागे वळून पाहिलं, हसणारी तीन तोंडं पाहिली, मग माझं पाहिलं. ते स्टुलावरून उठले आणि म्हणाले, चल बाय, घरला सोडतो तुला.

आम्ही कामतघरच्या रस्त्याला लागलो. काका एका बंद गाळ्याच्या पायरीवर बसले. मी समोर उभी राहिले. मला विचारायचं होतं, आणि नेहमीसारखा आवाज फुटत नव्हता. मी नुसते ओठ हलवले. कधीपासून?

“पाच वर्सं झाली,” काका म्हणाले. “डावा तं पार गेला. उजव्यानं थोडं घुमल्यागत येतं.”

आणि लूम? मी विचारलं. तेही ओठांनीच.

त्यांनी तळहात पुढे केला. चौकटीवर हात ठेवला की कळतं, म्हणाले. दुखणं कुठल्या बाजूला आहे ते लूम हाताला सांगतं. आता तर कानापेक्षा बरं कळतं. पण हे शेठला कोण पटवणार? बहिरा जॉबर म्हटलं की दुसऱ्या दिवशी नवा माणूस, आणि नोकरीबरोबर खोलीही जाणार. मी म्हटलं, मग बाबांना तरी सांगा. आजीच्या वेळचं सांगा. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“दादाच्या पोटात काय ऱ्हात न्हाय, बाय. आज त्याला सांगावं, तं सांजच्याला शेठबरोबर चहा पिताना तो सांगल. वाईटानं न्हाय सांगणार. भावाला संभाळून घ्या म्हणून सांगल.” मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, “माझी ड्युटी हाय तवर कुणाला बोलू नको. ड्युटी सुटली का मीच जाऊन सांगन त्याला. मंग दे म्हणावं काय शिव्या द्यायच्या त्या.”

मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

त्यानंतरचे महिने आठवले की अजून आश्चर्य वाटतं. मी रोज डबा घेऊन खाली जायला लागले आणि काकांशी बोलायला लागले. आवाज न काढता. आवाज नसला की मराठी चुकत नाही, कुणी हसत नाही, वाक्य अर्धं सोडून पुन्हा सुरू करता येतं. कॉलेजातलं, मैत्रिणींचं, मला काय व्हायचंय ते, बाबांचा राग येतो ते, सगळं मी त्यांना सांगितलं. तोंडावरचा हात केव्हा सुटला कळलं नाही. ते डबा खात ऐकायचे, म्हणजे बघायचे, आणि मध्येच म्हणायचे, “हळू बोल. घास गिळू दे.”

परेशने आवाज नव्याने भरायचं सुचवलं होतं. सुमनताईला माइकसमोर लाज वाटत होती, म्हणून चांदणीचा आवाज मी द्यावा, असं त्याचं म्हणणं. काकांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले, “ज्यांच्यासाठी केलाय त्यांना समजतंय.”

आणि खरंच समजला. गाळ्यामागच्या अंगणात दिवेलागणीच्या सुमारास पिक्चर दाखवला. लूमवरूनच उतरलेलं कोरं कापड दोन खांबांना ताणून बांधलं, परेशने कुठून तरी प्रोजेक्टर आणला. आसपासच्या गाळ्यांतले शंभर-सव्वाशे कामगार आले होते, पाटावर, पोत्यांवर, भिंतीवर बसले होते. शेवटच्या भागाला परेशने खडखडाट बंद ठेवला. त्या पूर्ण शांततेत सव्वाशे माणसं हलणाऱ्या ओठांकडे बघत होती, एकदम हसत होती, एकदम चुकचुकत होती. चांदणीने शेठला जाब विचारला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. शेवटी सूड पूर्ण होतो आणि चांदणी तोंड पुसून पुन्हा कांडी मशीनवर जाऊन बसते. परेशने मागे विचारलं होतं की हा कसला शेवट, ती मुक्त व्हायला नको का? काकांनी सांगितलं होतं, “ड्युटी संपली न्हाय ना तिची अजून.”

मी मागे, प्रोजेक्टरच्या टेबलाशी होते. म्हणून फाटकातून आत येणारे बाबा फक्त मला दिसले. ते अंधारात थोडा वेळ उभे राहिले. पडद्यावर चांदणी सावली पीत होती. बाबांच्या चेहऱ्यावर मी तो भाव फार वर्षांनी पाहिला. लहानपणी काकांनी माझ्यासाठी सुताचा घोडा करून आणला होता तेव्हाचा. ते दोन पावलं पुढे आले. काका पहिल्या रांगेच्या कडेला पाठमोरे बसले होते. बाबांनी हाक मारली. “जन्या.” मोठ्याने नाही, पण त्या शांततेत पुरेशी. चार-पाच जणांनी वळून पाहिलं. बाबा थांबले, आणि पुन्हा म्हणाले, “जनू, अरे.”

काका पडद्याकडे बघून हसत होते.

माझ्यापासून त्यांची पाठ पंधरा पावलांवर होती. मी जाऊन खांद्याला हात लावू शकले असते. त्यासाठी बोलायचीही गरज नव्हती. पण सगळ्यांच्या समोरून चालत जावं लागलं असतं, आणि का म्हणून कुणी विचारलं असतं, तर सांगावं लागलं असतं. मी हा विचार करत राहिले, तोवर बाबा फाटकाबाहेर गेले होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी डबा उघडता उघडता विचारलं, दादा आलता का? कुणीतरी बोललं, आल्यासारखा दिसला. आला असं सांगितलं तर हाक मारून परत गेला हेही सांगावं लागणार होतं. मी ओठ हलवले. नाही. त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडली.

काका गेले ते त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी. कावीळ अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. कामावरून सुटले नव्हते. शेठच्या वहीत ते शेवटपर्यंत हजरच होते. शेवटचे पाच दिवस बाबा त्यांच्या पलंगाशी, अगदी तोंडासमोर स्टूल घेऊन बसले होते आणि एकेक शब्द सावकाश बोलत होते. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. एकदा मी दारातून पाहिलं तेव्हा काका बाबांना हाताने छत्री कशी आपटायची ते दाखवत होते आणि बाबा हसून हसून डोळे पुसत होते. बाबा तिथे कसे पोचले एवढंच सांगायचं राहिलं आहे.

काकांना दवाखान्यात ठेवून तीन दिवस झाले होते. आई सकाळपासून बाबांना सांगत होती, एकदा तोंड दाखवून या. बाबा शर्टाची बटणं लावत होते, पण दवाखान्यात जायला नाही, शेठकडे जायला. ते आईला म्हणाले, “दोनदा हाक मारली मी त्याला. एकदा आईसाठी. एकदा सगळ्यांच्या देखत. दोन्ही वेळा त्यानं पाठ केली. आता तिसऱ्यांदा मी जाणार नाही. त्याला वाटलं तर तो मारील हाक.”

खाली लूम चालू होते, नेहमीसारखी फरशी थरथरत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. काकांना दिलेला शब्द मला आठवत होता, खोली आठवत होती, शेठही आठवत होता. मी सांगितलं. म्हणजे मला वाटलं की सांगितलं. बाबा बटणंच लावत राहिले, तेव्हा लक्षात आलं की मी सवयीने नुसते ओठ हलवले होते. ते चप्पल घालायला वाकले. मी दारातून पुढे आले, खालच्या चाळीस लूमच्या वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला बोलावं लागलं.

“बाबा, काकांना ऐकू येत नाही. पाच-सहा वर्षं झाली. तुमची एकही हाक त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही.”